बावन्नच्या वर्गाची तसबीर

१

शनिवारी सकाळी शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरून एक तसबीर नाहीशी झाल्याचं उघडकीला आलं, आणि ती शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी निवृत्त बाई, गुडघे कुरकुरतात, शाळेच्या शताब्दीचं पुस्तक लिहिता लिहिता जीव मेटाकुटीला आलेला. पण आमच्या गावात कोणालाही काहीही हरवलं की ‘ओतिलियाबाईंना विचारा’ म्हणतात. मीही मेली ‘नाही’ म्हणत नाही.

आमच्याकडे शाळा सोडून जाणारा प्रत्येक वर्ग स्वतःची तसबीर करतो. मोठ्या पुठ्ठ्यावर सगळ्यांचे फोटो, खाली नावं, भोवती वर्गातल्याच कोणीतरी काढलेली नक्षी. शेवटची घंटा झाली की सगळा वर्ग गात गात बाजारात जातो, फोटोवाल्याच्या दुकानातला पडदा बाजूला ओढला जातो आणि तेव्हा कुठे पोरांना आपली तसबीर पहिल्यांदा दिसते. तोपर्यंत नक्षी काढणारा आणि फोटोवाला सोडून ती कोणीच बघायची नाही. महिनाभर ती दुकानाच्या काचेत राहते, गाव थांबून थांबून बघतं, मग ती शाळेच्या भिंतीवर कायमची.

भिंतीवर अशा तसबिरींची रांग आहे. ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या काळापासूनच्या. या इमारतीवरची पाटी किती वेळा बदलली ते मी पुस्तकात मोजलंय, इथे उगाळत बसत नाही. पोलिश, चेक, जर्मन, पुन्हा पोलिश. नदीपलीकडे पोलंड, अलीकडे आम्ही, चेकांच्या देशातले पोलिश. दर पिढीत कोणीतरी कोणालातरी या वर्गांतून हाकललंय, आणि बाकं मात्र तीच.

गेली ती एकोणीसशे बावन्नची तसबीर. नेमकी तीच का, याचा गावाला लगेच अंदाज आला. त्या तसबिरीत अर्विन तुरोन्यच्या जागी फोटो नाही, लिंडनच्या झाडाची एक फांदी रंगवलेली आहे. कम्युनिस्टांचं राज्य होतं, परीक्षा तोंडावर आली असताना पोलीस त्याला भर वर्गातून घेऊन गेले. तो सीमा ओलांडून ऑस्ट्रियात पळायच्या बेतात होता. कोणीतरी पोलिसांना सांगितलं. अर्विन कैदी म्हणून युरेनियमच्या खाणीत गेला, तो परत आलाच नाही. त्याचा फोटो तसबिरीतून काढायला वरून हुकूम आला असणार, असं तेव्हापासून सगळे धरून चाललेत. फांदी रंगवली ती ऑरेलिया लिप्काने, जिने सगळी नक्षी काढली होती. आता ती ऑरेलिया कुबिश, आमच्या मुख्याध्यापकांची आई.

मुख्याध्यापक रोमान कुबिश माझाच विद्यार्थी. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मान खाली घालून म्हणाला, “बाई, पुढच्या शनिवारी शताब्दी. पाहुणे येणार. पोलिसांत जायचं नाहीये मला.”

काल संध्याकाळी शाळेत कोण होतं, असं मी विचारलं. आपण नव्हतो, असं तो म्हणाला. ब्रुनो पिश्कोचा नामदिन होता, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस, बाटली घेऊन त्याच्याकडे गेलो होतो.

“आणि बाई,” तो दाराशी थांबला, “काल दुपारी हान्झेल आला होता. त्या तसबिरीसमोर उभा होता.”

२

गुस्टाव हान्झेलचं नाव निघालं की गावात आवाज खाली येतो. अर्विनच्या शेजारी बसायचा तो. त्याची आई जर्मन. लढाई संपून सात वर्षं झाली होती, जर्मन म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठी यायची. अर्विनला पकडल्यावर दुसरं नाव कोणी शोधलंच नाही.

शिक्षा म्हणून त्याला कोणी मारलं नाही, बोललं नाही. आमच्याकडे वर्ग पुन्हा जमला की आपल्या जुन्या खोलीत बसून हजेरी घेतात. जिवंत असेल तो ‘हजर’ म्हणतो. मेलेल्याचं नाव वाचलं की सगळे उभं राहून क्षणभर गप्प राहतात. अर्विनचं नाव वाचतात. गुस्टावचं वाचत नाहीत. त्याच्या आधीच्या नावानंतर लगेच पुढचं, जणू त्या नावाचं कोणी जन्मालाच आलं नाही. हजेरी ऑरेलिया घेते, पहिल्यापासून.

गुस्टाव एकटा राहतो, स्टेशनमागच्या इमारतीत. दार उघडायलाच त्याला वेळ लागला. अंगावरचे कपडे त्याचे वाटत नव्हते, इतका वाळला होता. एका हाताची बोटं कारखान्यात गेलेली, दुसऱ्या हातात काठी. मी आत जाताजाताच मनात म्हटलं, हा माणूस ओकच्या चौकटीतली, दाराच्या अर्ध्या फळीएवढी तसबीर दोन मजले उतरवून नेणार? काहीतरीच.

त्याने कॉफी केली, तळाशी गाळ राहणारी, आणि बशीत पनीर भरलेले छोटे गोड पाव ठेवले. शेजारच्या कॅथलिक बाईंनी दिले होते, नवऱ्याच्या नामदिनाचे.

“आपल्या लूथरवाल्या प्रोटेस्टंटांत नसतं ते,” तो म्हणाला, “पण खायला काय हरकत आहे.”

तसबीर गेल्याचं मी सांगितलं. तो हसला नाही, चिडला नाही. “आणि ती मी नेली,” एवढंच म्हणाला.

शाळेत कशाला आला होतात, म्हणून विचारलं. त्याने कॉफीत चमचा फिरवला. पोटात गाठ आहे, डॉक्टर आता पुढच्या वर्षाचं बोलत नाहीत, असं त्याने हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

“मला माफी नको आहे, ओतिलियाबाई. मी केलंच नाही तर माफी कसली. मी मेल्यावर तरी माझं नाव वाचून दोन क्षण उभे राहतील का, की तेव्हाही पुढचंच नाव, एवढंच विचारायला गेलो होतो. मुख्याध्यापक भेटले नाहीत. मग तसबीर बघितली आणि आलो.”

अर्धा पाव मी बशीत परत ठेवला.

अर्विनच्या बेताबद्दल कोणाकोणाला माहीत होतं, असं मी विचारलं. गुस्टाव म्हणाला, त्याने मला सांगितलं होतं आणि आणखी एका कोणाला. कोणाला ते सांगितलं नाही. नुसता लाजल्यासारखा हसला.

“पन्नास वर्षं मी त्या हसण्याचा विचार करतोय,” गुस्टाव म्हणाला. “मुलगी असणार. पण कोण, ते मला कधी कळलं नाही. आणि अंदाजाने कोणाचं नाव घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. माझं घेतलं तसं.”

३

सोमवारी शताब्दी समितीची बैठक झाली. शिक्षक, जुने विद्यार्थी, लूथरवाल्यांचा एक पाद्री, कॅथलिकांचा एक फादर. निकाल आधीच लागलेला. हान्झेलला शनिवारी दारातूनच परत पाठवायचं, असं ठरत होतं. कोणीतरी म्हणालं, तो नसेल तर ती चेक असेल.

ती चेक म्हणजे व्लास्ता सुपिकोव्हा, आमच्या शाळेत चेक भाषा शिकवणारी. तीस-बत्तीसची, धडधडीत बोलणारी. शताब्दीच्या प्रदर्शनाच्या तयारीत ती म्हणाली होती की या भिंतीवर अडतीस साल का नाही, पोलिश सैन्याने माझ्या आजोबांना याच गावातून एका सुटकेसनिशी घालवलं त्याचा फोटो कुठे आहे. बोलली ते खरंच होतं. खरं बोलणाऱ्यावर संशय घ्यायला इथे फार कष्ट पडत नाहीत.

मी तिला शिक्षकखोलीत गाठलं. ती वह्या तपासत होती, डोकं वर न करता म्हणाली, “बसा बाई. मला वाटलंच होतं, हान्झेलनंतर माझी पाळी.”

मी म्हटलं, पाळी वगैरे नाही, गुडघे दुखतात म्हणून बसते. मग ती जरा सैल झाली. शुक्रवारी शिपाई लवकर गेला होता, त्यामुळे दाराला कुलूप तिने लावलं. गुस्टाव त्याच्या कितीतरी आधी जिना उतरून गेला होता. तिने त्याला हात देऊन उतरवलं होतं.

“आणि तसबीर?”

“मी कुलूप लावलं तेव्हा तसबीर जागेवर होती. जाता जाता बघितली मी. तो म्हातारा त्यात काय बघत होता, म्हणून.”

किल्ल्या कोणाकोणाकडे असतात, हे मला माहीत होतं. शिपायाकडे, आणि तो त्या संध्याकाळी नदीपलीकडे बहिणीच्या घरी लग्नात नाचत होता, अर्ध्या गावाने बघितलंय. मग व्लास्ताने वही मिटली.

“दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, तिसरी रोमानसरांकडे. म्हणजे मी खरं बोलत असेन तर त्यांनी नेली, खोटं बोलत असेन तर मी. आता सांगा, समिती काय म्हणेल? म्हणून गप्प बसले. माझी नोकरी इथे कायम व्हायची आहे अजून.”

रोमान कशाला स्वतःच्या शाळेत चोरी करेल? त्याला तर ती तसबीर मागितली तरी कोणी दिली असती.

४

रात्री झोप आली नाही, आणि मग रोमानचं एक वाक्य टोचायला लागलं. ब्रुनो पिश्कोचा नामदिन. सकाळी उठले, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शुक्रवारच्या तारखेखाली बारीक अक्षरांत ‘ब्रुनो’ छापलेलं होतं. आमच्या कॅलेंडरांवर प्रत्येक दिवशी कोणाचं ना कोणाचं नाव असतंच.

ब्रुनो बाजारातला फोटोवाला, त्याच्या आधी त्याचा बाप. लहानपणी चर्चच्या बाकावर तो माझ्या मागे बसून माझ्या वेण्या ओढायचा. लूथरवाल्यांच्या चर्चमध्ये. मी दुकानात गेले आणि त्याला म्हटलं, काय रे, तुझ्या नामदिनाची बाटली संपली की थोडी उरलीय?

तो चष्म्यावरून बघत राहिला. “ओतिलिया, बरी आहेस ना? माझ्या घरी कधी झालाय नामदिन? आईने असलं कॅथलिक काही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.”

“रोमान आला नव्हता शुक्रवारी?”

“रात्री नाही. दुपारी मीच गेलो होतो त्याच्याकडे. तुझ्या प्रदर्शनासाठी एक जुना फोटो द्यायला. मिळाला ना?”

मिळाला नव्हता. फोटो आला असल्याचंही रोमान बोलला नव्हता. त्याच्या थापेचा उगम मला समजला. कॅथलिक घरात वाढलेल्या माणसाला घाईत थाप मारायची झाली की तो कॅलेंडरकडे बघतो आणि ज्याचं नाव दिसेल त्याच्याकडे जेवायला जाऊन येतो. समोरचा ते पाळत नसेल, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. चांगल्या घरचा मुलगा, खोटं बोलायची सवय नाही. माझंच पोर, मला त्याची कीव आली.

मग मी ब्रुनोकडे तो फोटो पुन्हा छापून मागितला. काचेची निगेटिव्ह अजून होती त्याच्याकडे. बापाच्या मरणानंतर माळ्यावर सापडलेल्या पेटीतली, तोवर कोणी कधी न छापलेली. बावन्नच्या एक मेची मिरवणूक. बापाने बाहेर न जाता दुकानाच्या आतूनच, काचेतून फोटो काढला होता. हुकमाचा फोटो नव्हता तो, स्वतःसाठी काढलेला.

ब्रुनोने ओला कागद दोरीला लावला आणि मी भिंग घेतलं. काचेबाहेर मिरवणूक चाललीय. सगळ्यांत पुढे झेंडा घेऊन एक उंच मुलगा. अर्विन तुरोन्य, मी ओळखलं. आम्ही लहान मुली त्याच्याकडे बघत राहायचो. केस वाऱ्यावर, तोंड हसरं. त्याला पकडलं ते त्यानंतरच्या आठवड्यात.

आणि काचेच्या आत, कोपऱ्यात, तिवईवर ठेवलेली, अजून गावाला न दाखवलेली, आतल्या बाजूला तोंड करून उभी असलेली वर्गाची तसबीर. पुरी झालेली. मी एकेक चेहरा मोजत उजवीकडे सरकले आणि भिंग खाली ठेवलं.

“काय झालं?” ब्रुनोने विचारलं.

अर्विन बाहेर झेंडा घेऊन चालला होता. आत, त्याच्या जागी, फांदी होती.

५

ऑरेलियाताईंच्या घरी मी त्याच दुपारी गेले. रोमानला आधीच फोन केला होता, मी तुझ्या आईकडे जातेय, तू आलास तर बरं. तो आला. तोंड पांढरंफटक.

तसबीर जेवणाच्या टेबलावर होती, काच काढून बाजूला ठेवलेली. शेजारी कात्री, गोंदाची बाटली आणि जुनं पाकीट. ऑरेलियाताई खिडकीशी बसल्या होत्या. अजूनही त्यांचे केस कसे विंचरलेले, ब्लाउजची कॉलर कशी इस्त्री केलेली. आयुष्यभर मी त्यांच्या नीटनेटकेपणाचा हेवा केला.

मी बोलायला लागले. मी म्हटलं, फोटो काढला एक मेला. पोलीस आले त्यानंतर. म्हणजे वरून हुकूम आला आणि चेहरा काढला, ही गोष्ट खोटी. तसबीर जिने केली तिला आधीच माहीत होतं की हा मुलगा शेवटच्या घंटेपर्यंत शाळेत राहणार नाही. आणि अर्विनने ज्या मुलीला सांगितलं होतं…

“थांब गं,” त्या म्हणाल्या. “एवढं समजावून सांगू नकोस. मी तिथे होते.”

मग त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ तुरुंगात होता, चर्चमध्ये काहीतरी बोलला म्हणून. पोलिसांचा एक साहेब घरी येऊन बसायचा, चहा प्यायचा, आईशी गोड बोलायचा. भाऊ सुटेल म्हणाला. अर्विनने तर सगळंच सांगितलं होतं, कुठून जाणार, कोणत्या रात्री. तो त्यांना सोबत चल म्हणत होता.

“भाऊ सुटला?” मी विचारलं.

“सुटला. दारू पिऊन मेला नंतर. पण सुटला.”

रोमान भिंतीला टेकून उभा होता. शुक्रवारी रात्री तो ब्रुनोने दिलेला फोटो घेऊन शाळेत गेला होता, तसबिरीशी ताडून बघितला, आणि तसबीर गाडीत घालून सरळ आईपुढे आणून ठेवली. हे काय आहे, म्हणून विचारायला. मग त्याला ती जाळायची होती, आईने जाळू दिली नाही. गुस्टाववर खापर फुटत असताना तू गप्प बसलास, मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, तो काय बाई, त्याला सवयच आहे. म्हणाला आणि स्वतःच्याच थोबाडीत बसल्यासारखा खाली बसला.

मला एकच गोष्ट कळत नव्हती आणि ती मी विचारली. तसबीर कोणी बघणार नव्हतं शेवटच्या घंटेपर्यंत. मग त्याचा फोटो लावायचा की. पकडल्यावर काढता आला असता. कोणाला कधी संशय आला नसता.

ऑरेलियाताई माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी फार सोपी गोष्ट विचारलीय.

“चांगला पुठ्ठा एकच मिळाला होता गं,” त्या म्हणाल्या. “लावून मग काढला असता तर डाग पडला असता.”

मला त्या घरातून निघून जावंसं वाटत होतं, आणि उठवतही नव्हतं. पाकिटात अर्विनचा फोटो होता, तेव्हा न लावलेला, इतकी वर्षं ठेवलेला. त्यांनी फांदी खरवडली होती, पण हात थरथरतात म्हणून फोटो चिकटवता येत नव्हता. मी चिकटवला. वाकडा बसला.

पुस्तकात हे येणारच, असं मी सांगितलं. पण पुस्तक लोक वाचतील न वाचतील. गुस्टावला तेवढा वेळ नाही. त्याचं जे काही आहे ते शनिवारी आहे.

“मी काय करायचं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ते मी सांगायचं का? मला आता फार थकल्यासारखं होतंय.

६

शनिवारी शाळेत बँड होता, भाषणं होती, दोन्ही भाषांतली. बावन्नच्या वर्गातले सहाजण उरलेत. ते आपल्या जुन्या खोलीत बसले. गुस्टाव आला, मीच गाडी पाठवली होती. तो आत आल्यावर एकजण उठून निघायला लागला, तेव्हा ऑरेलियाताई म्हणाल्या, “बस खाली.”

त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. तसबीर मागे भिंतीवर टांगली होती. त्या तिच्याकडे वळल्या नाहीत.

“अर्विनचं नाव मी दिलं होतं,” त्या म्हणाल्या. “गुस्टावने नाही. मी.”

एवढंच. कारण सांगितलं नाही, भावाचं नाव घेतलं नाही. बाहेर बँडवाले काहीतरी चुकत होते. मग त्यांनी हजेरी सुरू केली, पाठच होती त्यांना. मेलेल्यांची नावं, उभं राहणं. आणि मग, पन्नासहून अधिक वर्षांनी, “हान्झेल, गुस्टाव.”

गुस्टाव उठला. काठी घसरली, ती त्याने उचलली नाही. “हजर,” म्हणाला. आवाज नीट फुटला नाही त्याचा, म्हणून पुन्हा म्हणाला.

पुढची नावं झाली. अर्विनच्या नावाला सगळे उभे राहिले, गुस्टाव उभाच होता. शेवटचं नाव वाचून ऑरेलियाताईंनी पर्स उचलली आणि दाराकडे वळल्या. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. रोमान दारात उभा होता, त्याने आईसाठी वाट केली.

“लिप्का राहिली,” गुस्टाव म्हणाला.

त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत.

“ऑरेलिया, तुझं नाव राहिलं. कोणाचं गाळायचं नाही. वाच.”

त्या परत आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि वाचलं, “लिप्का, ऑरेलिया.” मग आम्ही सगळे त्यांच्या ‘हजर’ची वाट बघत बसलो.